दारापर्यंतचा पिझ्झा

युरोपीय संघाने २०१० साली नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्याला अधिकृत संरक्षण दिलं. त्या नियमावलीत पिठापासून टोमॅटोपर्यंत सगळं बारकाईने लिहिलेलं आहे. भट्टीचं तापमान ४८५ अंश सेल्सिअस, भाजायला ६० ते ९० सेकंद. माझं लक्ष मात्र दरवेळी एका वेगळ्याच कलमात अडकतं. हा पिझ्झा शक्यतो भट्टीतून निघाल्या निघाल्या, जिथे केला तिथेच खावा, असं त्यात म्हटलं आहे. तिथे खाल्ला गेला नाही, तर नंतर विकण्यासाठी तो गोठवायचा नाही की निर्वात पाकिटात भरायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा पदार्थ करत आलेल्या माणसांचं शहाणपण त्या कलमात आहे. पिझ्झ्याचं खरं आयुष्य काही मिनिटांचं असतं, हे त्यांनी कागदावर नोंदवून ठेवलं.

आणि आपण तो घरी मागवतो. दुकानापासून दारापर्यंत वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, पाऊस असला तर त्याहून जास्त. पिझ्झ्याचं आपण जे कौतुक करतो किंवा त्याच्याबद्दल जी कुरकुर करतो, त्यातलं बरंचसं या मधल्या वेळात घडलेलं असतं. इतकी वर्षं पिझ्झा मागवून, खाऊन आणि लोकांचे अनुभव आवडीने ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे: घरी पोहोचणारा पिझ्झा हा दुकानात बसून खाल्लेल्या पिझ्झ्यापेक्षा वेगळा पदार्थ आहे, आणि तो वेगळा आहे हे ज्याला कळलं तोच शेजारचा चांगला पिझ्झेवाला.

बॉक्सचं झाकण बंद झालं की आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. तळ गरम आहे, सॉस उकळता आहे, चीज वितळलेलं आहे; तिन्हींतून वाफ निघते. वर झाकण गार. वाफ त्याला लागते, तिचे थेंब होतात, थोडे पुठ्ठ्यात मुरतात, बाकीचे पुन्हा पिझ्झ्यावर पडतात. भट्टीत कोरडी, कडक झालेली कड या दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि चामट होते. तळाचा कुरकुरीतपणा तर सगळ्यात आधी जातो, कारण खालची वाफ पिझ्झा आणि पुठ्ठा यांच्यामध्ये कोंडलेली असते. म्हणून बॉक्सला बाजूने छोटी भोकं ठेवतात. त्या भोकांतून वाफ जाते, पण तिच्याबरोबर उष्णताही जाते. भोकं बुजवली तर पिझ्झा गरम राहतो आणि ओला होतो. उघडी ठेवली तर कोरडा राहतो आणि गार होतो. या पेचाला पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक दुकान या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभं राहतं. कुठे उभं राहायचं याचा विचार केलेला असतो की नाही, ते पहिल्या घासाला कळतं.

या छोट्याशा प्रवासावर माणसांनी किती डोकं लावलंय याचं मला खरंच अप्रूप वाटतं. नालीदार पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या. दोन सपाट थरांमध्ये तो लाटांसारखा दुमडलेला कागद असतो. त्या लाटांत हवा अडकते, म्हणून उष्णता टिकते आणि एकावर एक पाच बॉक्स रचले तरी खालचा दबत नाही. पिझ्झ्याच्या मधोमध रोवलेलं ते तीन पायांचं प्लास्टिकचं टेबल घ्या. झाकण वाफेने मऊ होऊन मध्ये खचतं आणि चीजला चिकटतं, तेवढ्यासाठीच ते आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले यांना त्याचं पेटंट १९८५ साली मिळालं. इतकी साधी वस्तू, पण ती नसलेल्या रात्री झाकणाबरोबर निम्मं चीज वर उचललं गेलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला तिचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. आणि डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरची ती जाड, अस्तर लावलेली बॅग. ती उष्णता धरून ठेवते, मात्र तिची चेन पूर्ण लावली की आतला दमटपणा वाढतो. काही जुने डिलिव्हरीवाले चेन बोटभर उघडी ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

चीजचंही तसंच. ताज्या मोझरेलात निम्म्याहून जास्त पाणी असतं. धगधगत्या भट्टीतून निघून लगेच ताटात येणाऱ्या पिझ्झ्यावर ते सुंदर लागतं. बॉक्समध्ये वीस मिनिटं राहिलं की त्याचं पाणी सुटून मध्यभागी तळं साचतं. म्हणून घरपोच पिझ्झ्यावर कमी पाण्याचं, थोडं सुकवलेलं मोझरेला वापरतात. त्याला कमअस्सल म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ते या कामासाठीच योग्य आहे. चीज ताणलं जातं ते त्यातल्या केसीन नावाच्या प्रथिनामुळे; गरम असेपर्यंत त्या प्रथिनाची जाळी सैल असते, गार होताना ती आवळते आणि त्याच वेळी चरबी घट्ट व्हायला लागते. तोंडात रबरासारखं लागतं म्हणतो ते हेच. सॉसमध्ये पाणी भरपूर असल्यामुळे उष्णता सगळ्यात जास्त वेळ तो धरून ठेवतो, आणि वरचा चीजचा थर त्याची वाफ अडवतो. टाळू भाजतो तो याच सॉसने. पण घरपोच पिझ्झ्याच्या बाबतीत हाच सॉस सगळ्यांना ऊब देत दारापर्यंत आणतो.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहा. जो माणूस दारासाठी पिझ्झा करतो, तो काही गोष्टी मुद्दाम वेगळ्या करतो. तळ अर्धा-एक मिनिट जास्त भाजतो, कारण वाटेत तो मऊ पडणारच आहे. सॉस हात राखून लावतो. पाणी सुटणाऱ्या भाज्या आधी परतून घेतो. मशरूम कच्चं टाकणाऱ्या दुकानाचा पिझ्झा घरी पोहोचेपर्यंत ओलाकिच्च होतो. ताजी तुळशीची पानं बॉक्स बंद करताना वर ठेवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भट्टीतून काढलेला पिझ्झा लगेच बॉक्समध्ये सरकवत नाही. जाळीवर अर्धा मिनिट ठेवतो, पहिली जोराची वाफ निघून जाऊ देतो, मग कापतो, मग भरतो. मागे ऑर्डरींची रांग लागलेली असताना हे अर्धं मिनिट थांबणं सोपं नसतं. मी दुकानात पार्सल घ्यायला गेले की माझी नजर पहिल्यांदा त्या जाळीवर जाते. ती असली तर मी निर्धास्त होते.

अशाच एका दुकानाने मला एकदा पिझ्झा नाकारला होता. आम्ही काही जण एका मैत्रिणीच्या घरी जमलो होतो. तिचं घर माझ्या घरापासून बरंच लांब, आणि मी हौसेने आमच्या नेहमीच्या पिझ्झेवाल्यांना फोन लावला. त्यांनी पत्ता ऐकून घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, “ताई, तिथे पाठवता येईल, पण तुम्हाला तो चांगला लागणार नाही. मग उद्या तुम्हीच म्हणाल, हल्ली बिघडलाय. तिथे जवळ कुणाकडून तरी घ्या. आमच्याकडचा खायचा तर सगळे इकडेच या ना.” मैत्रिणी हसल्या. मला मात्र त्या नकाराने फार बरं वाटलं. सहज मिळणारी ऑर्डर त्यांनी सोडली होती, कारण आपला पिझ्झा कुठपर्यंत चांगला राहतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यापलीकडे आपलं नाव पाठवायची त्यांची तयारी नव्हती. त्यानंतर त्या दुकानावर माझा जो विश्वास बसला तो अजून तसाच आहे. ॲपच्या नकाशावर गोल मोठा करून दूरदूरच्या ऑर्डरी घेणारी दुकानं पाहते तेव्हा मला त्यांचा तो आवाज आठवतो.

पिझ्झा आणि दारापर्यंत जाणं यांचं नातं टेलिफोनपेक्षा पुष्कळ जुनं आहे. पिझ्झ्याचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा लेखी उल्लेख इटलीतल्या गाएता या गावचा, इ.स. ९९७ चा. तो एक भाडेकरार आहे. जागा वापरणाऱ्याने तिथल्या बिशपला दर नाताळाला बारा पिझ्झे आणि दर ईस्टरला आणखी बारा पिझ्झे पोचवायचे, असं त्यात ठरलेलं आहे. तेव्हाचा पिझ्झा आजच्यासारखा नव्हता. टोमॅटो तर युरोपात यायला आणखी पाचशे वर्षं होती. तरीही पिझ्झ्याची पहिली खूण सापडते ती अशी, कुणीतरी कुणाच्या तरी दारी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संख्येने न्यायचा पदार्थ म्हणून.

नेपल्समध्ये एकोणिसाव्या शतकात पोरं डोक्यावर तांब्याचा, आतून कल्हई केलेला डबा घेऊन गल्लोगल्ली पिझ्झे विकत फिरायची. डब्यात पिझ्झे गरम राहायचे. इटलीच्या राणी मार्गेरितासाठी केलेल्या पिझ्झ्याला तिचंच नाव दिलं, ही १८८९ ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्या खरेखोटेपणावर इतिहासकारांचे वादही आहेत. मला त्या राणीपेक्षा ही डबेवाली पोरं जवळची वाटतात. आणि तिथल्याच गरीब वस्त्यांमध्ये ‘पिझ्झा आ ओत्तो’ अशी पद्धत होती: आज खा, पैसे आठ दिवसांत दे. विकणारीला घेणाऱ्याचं घर माहीत, घेणाऱ्याला तिच्या चुलीची वेळ माहीत. उधारी त्याशिवाय चालतच नाही. शेजारच्या पिझ्झेवाल्याकडून आपण आजही नकळत जी अपेक्षा ठेवतो, तिचं मूळ मला इथे दिसतं. त्याने आपल्याला ओळखावं. ‘नेहमीचाच ना?’ एवढं विचारावं.

लोकांचे अनुभव ऐकताना ही अपेक्षा वारंवार डोकावते. तक्रारी वरवर ठरावीकच असतात. गार आला. उशिरा आला. टॉपिंग एका बाजूला सरकलं होतं. जादा चीज सांगितलं होतं, दिलं नाही. सॉसची पुडी राहिली. पूर्वीसारखा राहिला नाही. पण जरा लक्ष देऊन ऐकलं तर गार पिझ्झ्याची तक्रार बहुतेक वेळा उशिराची असते, आणि उशिराची तक्रार बहुतेक वेळा न सांगितल्याची. “पाऊण तास लागेल म्हणाले असते तर थांबलो असतो” हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकलं आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली रांगेतल्या ताटकळण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं होतं: किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा. भुकेलं मूल मांडीवर आणि फोन कुणी उचलत नाही, ही अवस्था ज्यांनी भोगली आहे त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागणार नाही.

पिझ्झ्याच्या धंद्याला हे इतरांच्या आधी कळलं, याचंही श्रेय द्यायला हवं. इंटरनेटवरून जेवण मागवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक पिझ्झा हटने १९९४ साली कॅलिफोर्नियात केला. डॉमिनोजने २००८ मध्ये ऑर्डर कुठवर आली ते पडद्यावरच्या पट्टीत दाखवणारा ट्रॅकर आणला: पीठ थापलं, भट्टीत गेला, बॉक्समध्ये भरला, निघाला. त्या पट्टीने पिझ्झा एक मिनिटही लवकर येत नाही, तरी घरातली चिडचिड कमी होते. आमच्या शेजारच्या छोट्या दुकानाकडे असलं काही नाही. तिथे गर्दी असली की फोन उचलणारी मुलगी आधीच सांगते, “आज तास लागेल हं, चालेल का?” मला तिचं ते ‘चालेल का’ सगळ्या पट्ट्यांपेक्षा आवडतं. त्यात मला नाही म्हणायची मुभा असते.

वेळेची शर्यत लावली की काय होतं, तेही या धंद्याने पाहिलेलं आहे. डॉमिनोज १९६० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका कॉलेजच्या गावात सुरू झालं आणि घरपोच पिझ्झ्यावरच वाढलं. पुढे ‘तीस मिनिटांत, नाहीतर फुकट’ या हमीने ते घराघरांत पोहोचलं. वचन ग्राहकाला दिलेलं होतं, पण ते पाळायचं काम गाडी हाकणाऱ्या मुलांवर आलं. अपघात झाले, खटले झाले, ज्यूरीने जबर भरपाई द्यायला लावली, आणि १९९३ मध्ये कंपनीने अमेरिकेत ती हमी मागे घेतली. पोचवणाऱ्याच्या जिवापेक्षा माझा पिझ्झा मोलाचा नाही, हे खरं तर न्यायालयाने सांगायची गरज पडू नये. तरी घड्याळाचं ते भूत पुरतं गेलेलं नाही. आता ते ॲपच्या पडद्यावर मिनिटं मोजत बसलेलं असतं.

डिलिव्हरी करणाऱ्या माणसाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ग्राहकांच्या अनुभवांत सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. पिझ्झा भट्टीत उशिरा गेला, तर बोलणी कुणाला? दारात उभा असलेल्याला. ऑलिव्ह नको सांगितलं होतं आणि ऑलिव्ह आले, तरी त्यालाच. त्याने तो बॉक्स उघडून पाहिलेलासुद्धा नसतो, पाहायची परवानगीही नसते. ग्राहकाला सबंध व्यवहारात दिसणारा चेहरा एकच, म्हणून सगळ्यांचे अपराध त्या चेहऱ्यावर जमा होतात. वर ॲप विचारतं, डिलिव्हरी कशी वाटली? आणि सॉसचा राग चांदण्यांमधून त्याच्या खात्यावर उतरतो. त्याच्या पुढच्या कामाचा हिशेब त्या चांदण्यांवर असू शकतो.

त्याच्या हातात काय असतं? बॉक्स आडवा राहणं असतं. गाडीवर वळणं घेताना, जिना चढताना, एका हाताने फोन कानाला लावताना बॉक्स सपाट ठेवणं हे कसब आहे. टॉपिंग सरकलेला पिझ्झा हा पुष्कळदा उभ्या धरलेल्या बॉक्सची गोष्ट सांगतो. तेव्हा तक्रार त्याच्याकडे जायला हरकत नाही, पण त्याआधी आपल्या बाजूचं पाहावं. घराचा नंबर रस्त्यावरून दिसतो का? जिन्यातला दिवा चालू आहे का? पत्ता लिहिताना आपण जे गृहीत धरलं आहे ते परक्या माणसाला कळेल का? ‘मागच्या गेटने या’ एवढे तीन शब्द नसल्यामुळे माणूस सबंध इमारतीला वळसा घालतो, आणि तेवढ्यात बॉक्समधलं चीज आवळत जातं. पिझ्झा येणार असेल त्या वेळी फोन जवळ ठेवावा, आणि तो पोहोचला की लगेच दार उघडावं. यात उपकार वगैरे नाही. तो पिझ्झा शेवटी आपणच खाणार असतो.

पूर्वी शेजारच्या दुकानाचा स्वतःचा माणूस असायचा. त्याला दारं पाठ असत. कुठल्या घरी बेल वाजवायची नाही कारण बाळ झोपलेलं असतं, कुठल्या घरी काकांना दारापर्यंत यायला वेळ लागतो, हे त्याला माहीत असे. आता बऱ्याच ठिकाणी दुकान एकाचं, ॲप दुसऱ्याचं आणि गाडीवरचा माणूस त्या दोघांपैकी कुणाचाच नाही. तो आज पिझ्झा आणतो, थोड्या वेळाने औषधं पोचवतो. पिझ्झा आडवा धरायचा असतो हे त्याला सांगणारं कुणी नसतं आणि बिघडला तर दुकान म्हणतं ॲपला विचारा, ॲप म्हणतं दुकानाला विचारा. या बदलाने सोय वाढली, मी ती वापरतेही. पण दुकान आणि दार यांच्यामधली ओळख यात तुटली, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. ज्या दुकानांनी आपला एखादा माणूस अजून ठेवला आहे, त्यांना मी थेट फोन करते. पिझ्झाही बहुधा बरा येतो.

चुका सगळ्यांच्याच होतात. गर्दीच्या रात्री, एका भट्टीवर, दोन हातांनी काम करणाऱ्याच्या तर होणारच. ग्राहकाच्या मनात दुकान टिकतं की उतरतं, ते पुढच्या पाच मिनिटांवर ठरतं. एकदा माझ्याकडे दुसऱ्याच कुणाची ऑर्डर आली. फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, “अरे, सॉरी, मग तुमच्याकडे अजून जेवण झालंच नाही की.” पिझ्झा काय होता, पावती कुठली, फोटो काढलाय का, काही नाही. माझ्या घरात भुकेली माणसं आहेत, हे त्यांना आधी दिसलं. नवा पिझ्झा यायला अर्थात वेळ लागला. तो वेळ कुणाला जड गेला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तळ करपलेला आला होता. तिथे मला तीन कोनांतून फोटो पाठवायला सांगितलं आणि मग काही टक्के सवलतीचं कूपन पुढच्या ऑर्डरसाठी आलं. हिशेबाने त्यांनी मला काहीतरी दिलं. मी तिथे पुन्हा मागवलं नाही, कारण मी खोटं बोलत असेन असं धरूनच त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. फसवणारे ग्राहक असतात, दुकानदारांची ती अडचण खरी आहे. पण वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाला ओळखण्याची काहीतरी सोय शेजारच्या दुकानात असायला हवी. नाहीतर शेजार कशाला म्हणायचं?

‘पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार मात्र मी फार गंभीरपणे घेते. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या जिभेला फरक लगेच कळतो, भले त्याला तो सांगता न येवो. कारणं अनेक असतात. पीठ आंबवण्याचा वेळ कमी केला की चव जाते. रात्रभर थंड जागी संथ आंबलेल्या गोळ्याला जो आंबूस सुगंध आणि जाळी येते, ती दोन तासांत फुगवलेल्या पिठाला येत नाही. हवा तापली की यीस्ट भराभर काम करतं आणि तेच प्रमाण, तीच वेळ ठेवली तर पीठ हाताबाहेर जातं. चीज बदललं असेल. भट्टीवरचा माणूस बदलला असेल. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची नोंद युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, ती पाककृतीची नव्हे तर कसबाची. पीठ थापणं, फिरवणं, भट्टीत पिझ्झा वळवणं, हे सगळं हातात असतं. तो हात दुकान सोडून गेला तर पाटी तीच राहते आणि पिझ्झा बदलतो. अशा वेळी चिडून एक चांदणी देण्यापेक्षा दुकानात जाऊन सांगावं. मी सांगते. बहुतेकांना ते आवडतं, निदान ऐकून तरी घेतात. कारण सांगणारं गिऱ्हाईक हे अजून न गेलेलं गिऱ्हाईक असतं.

उरलेल्या तुकड्यांबद्दलही सांगायला हवं, कारण दुकानाचा कस तिथेही लागतो. फ्रिजमध्ये ठेवलेला पिझ्झा कडक होतो तो केवळ सुकल्यामुळे नाही; भाजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. गरम केल्यावर ते बऱ्यापैकी सुटतं. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर तुकडा ठेवावा, तळ कुरकुरीत झाला की बाजूला दोन थेंब पाणी टाकून झाकण घालावं. वाफेने चीज मऊ होतं. मायक्रोवेव्हने सगळंच मऊ होतं आणि मग चामट. नीट आंबवलेल्या पिठाचा पिझ्झा दुसऱ्या दिवशी तव्यावरून उतरला की पुन्हा उभा राहतो. घाईत फुगवलेल्या पिठाचा राहत नाही, त्याला कितीही चीज असो. वर टॉपिंगची गर्दी करून पहिल्या दिवशी पुष्कळ काही झाकता येतं, दुसऱ्या दिवशी येत नाही.

मला कुणी विचारलं, जवळ नवीन पिझ्झेवाला आलाय, कसा आहे ते कसं ठरवू, तर मी एवढंच सुचवते. पहिल्यांदा दुकानात जा. नुसता टोमॅटो आणि चीजचा साधा पिझ्झा घ्या, तिथेच उभ्याने किंवा बसून खा. भट्टीजवळची जाळी पाहा, फोनवर बोलणारा माणूस वेळ सांगताना काय म्हणतो ते ऐका. मग काही दिवसांनी तोच साधा पिझ्झा घरी मागवा आणि दोन्हींतला फरक पाहा. फरक असणारच. तो थोडा असला तर त्या माणसाने तुमच्या दाराचा विचार केला आहे. त्यानंतर एखाद्या सुट्टीच्या रात्री, सगळं गाव पिझ्झा मागवत असताना, मुद्दाम त्यांच्याकडेच ऑर्डर द्या. तास लागेल म्हणाले तर हो म्हणा, आणि तो पिझ्झा कसा आला हे दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगा. चांगला आला असेल तरीसुद्धा सांगा. चांगल्यासाठी फोन करणारे फार कमी असतात.